कापडाची मागची बाजू

या वेळचे सगळे प्रश्न एकाच कामाभोवतीचे आहेत. वस्त्रसंग्रहातल्या कापडांचं प्रदर्शन भरतं तेव्हा बोधचिन्ह, रंग, अक्षरं, फलक, लेबलं आणि कॅटलॉग मिळून त्याची एक दृश्य ओळख तयार होते. ती कशी घडवायची, असं अनेकांनी विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: आमच्या संग्रहात आठशेच्या आसपास कापडं आहेत. बहुतेक विणलेली, काही छापलेली, थोडी भरतकामाची. प्रदर्शन तीन महिने चालेल. समितीचं म्हणणं असं की सगळ्यात देखणं कापड निवडावं आणि त्याचाच फोटो पोस्टर, निमंत्रण, पिशवी, सगळीकडे वापरावा. एवढं पुरेसं नाही का?

उत्तर: नाही, आणि पहिली अडचण प्रकाशाची आहे. कापडाच्या प्रदर्शनात कापडावर पडणारा उजेड साधारण ५० लक्सवर ठेवतात (लक्स हे उजेड मोजायचं एकक). दालन रोज आठ तास उघडं असेल तर दिवसाला ५० गुणिले ८, म्हणजे ४०० लक्स-तास होतात. लवकर उडणाऱ्या रंगांसाठी वर्षाला १५,००० लक्स-तास ही मर्यादा धरली जाते. भागाकार केला तर साडेसदतीस दिवस येतात. म्हणजे तीन महिन्यांच्या प्रदर्शनात नाजूक रंगाचं कापड अर्ध्या वाटेवरच उतरवून त्या जागी दुसरं लावावं लागेल. तिसऱ्या महिन्यात निमंत्रणावरचं कापड बघायला म्हणून आलेला माणूस ते न बघताच परत जाईल. कापडं बदलली तरी ओळख तीच राहिली पाहिजे, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

दुसरी अडचण अशी की एका कापडाला चेहरा केलं की उरलेली ७९९ त्याच्यामागे झाकली जातात. संग्रह म्हणजे दागिन्यांची पेटी नव्हे. खूप वस्तू, त्यांच्या नोंदी, त्यांची वर्गवारी, एकाच नमुन्याचे चार रंगांतले तुकडे, हे सगळं त्यात येतं. ओळखीत तो जमाव दिसायला हवा.

म्हणून फोटो निवडण्याआधी एक बैठक कापडांबरोबर करा. संवर्धनतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ३० ते ४० कापडं बाहेर काढा आणि प्रत्येकाचे चार फोटो घ्या: पुढची बाजू, मागची बाजू, काठ आणि कापडावरची नोंद. नोंद म्हणजे शिवलेल्या फितीवरचा क्रमांक, शाईचा शिक्का, डकवलेली चिठ्ठी, जे असेल ते. मागची बाजू कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि नेमकी तिथेच ओळखीची बीजं सापडतात. विणलेल्या कापडाच्या मागे वीण उलटी दिसते. भरतकामाच्या मागे कारागिराने एका फुलावरून दुसऱ्या फुलावर धागा कसा नेला ते दिसतं. छापील कापडाच्या मागे रंग किती आत मुरला ते कळतं. शिवाय मागचा रंग प्रकाशापासून पुष्कळदा वाचलेला असतो.

हे फोटो भिंतीवर लावले की संग्रहाचा कल आपोआप दिसतो. विणलेली कापडं जास्त असतील तर वीण हा पाया घ्या. छापील जास्त असतील तर नक्षीची पुनरावृत्ती घ्या: एक ठसा किती सेंटिमीटरवर परत येतो, तो सरळ रांगेत येतो की पुढच्या रांगेत अर्ध्याने खाली सरकतो, सांध्यावर रंग किती चुकतो. या दोहोंची सरमिसळ करू नका. छापील कापडांच्या प्रदर्शनावर विणीची जाळी लावली की जाणकाराला ते पहिल्या नजरेत खटकतं. सुई, रीळ, बटण आणि टाक्यांसारखी तुटक रेघ यांचा मोहही टाळा. ही शिवणकामाची चिन्हं आहेत. विणकर आणि छपाईकार सुई हातात न घेताही कापड पुरं करतात.

प्रश्न: मी ग्राफिक डिझायनर आहे. विणीवरून बोधचिन्ह करायचं ठरलं आहे. पण साधी वीण काढली की बुद्धिबळाचा पट दिसतो आणि ट्विल, म्हणजे तिरक्या रेघांची वीण, काढली की रस्त्यावरच्या धोक्याच्या पट्ट्या. यातून वाट कशी काढू?

उत्तर: साटीन या विणीकडे वळा. त्याआधी आलेख वाचायचा कसा ते पक्कं करून घ्या. विणकामाच्या आलेखात उभी ओळ म्हणजे ताण्याचा (लांबीचा) धागा आणि आडवी ओळ म्हणजे बाण्याचा (रुंदीचा). भरलेला चौकोन म्हणजे तिथे ताणा वर आहे, रिकामा म्हणजे बाणा वर. ही सर्वसाधारण रीत आहे. तुमच्या क्युरेटरने वेगळी रीत वापरली असेल तर तीच सगळीकडे पाळा.

आता ५ बाय ५ चौकोनांची जाळी घ्या. पहिल्या उभ्या ओळीत खालून पहिला चौकोन भरा, दुसरीत तिसरा, तिसरीत पाचवा, चौथीत दुसरा, पाचवीत चौथा. प्रत्येक वेळी दोन घरं वर चढायचं, वर जागा संपली की खालून मोजायचं. हे पाच धाग्यांचं साटीन, दोनच्या पायरीचं. यात एकही भरलेला चौकोन दुसऱ्याला चिकटत नाही, कोपऱ्यालाही नाही. म्हणूनच कापडावर साटीन गुळगुळीत दिसतं, कारण धाग्यांच्या गाठभेटी विखुरलेल्या असतात आणि तिरकी रेघ उठून दिसत नाही. बोधचिन्ह म्हणूनही हाच गुण कामाला येतो. आकार लहान केला तरी खुणा एकमेकींत मिसळत नाहीत.

या जाळीत आणखी एक गंमत आहे आणि ती वाया घालवू नये. कापड उलटून पाहिलं की वीण दोन प्रकारे बदलते. जिथे ताणा वर होता तिथे बाणा वर येतो, आणि डावं-उजवं उलटं होतं. म्हणजे पाच भरलेल्या चौकोनांच्या जागी वीस भरलेले येतात, आणि दोनची पायरी तीनची होते. आलेखावर एकदा स्वतः करून पाहा. १, ३, ५, २, ४ हा क्रम उलट वाचला की ४, २, ५, ३, १ होतो. बोधचिन्हाची ही दोन रूपं तुम्हाला आयती मिळतात, एक पुढच्या बाजूचं आणि एक मागच्या. पोस्टरवर पहिलं आणि निमंत्रणाच्या पाठीवर दुसरं, किंवा कॅटलॉगच्या पुढच्या आणि मागच्या मुखपृष्ठावर एकेक. फक्त काळ्याचं पांढरं करून काम भागवू नका. आरशातली उलट विसरली तर ते त्या कापडाची मागची बाजू राहत नाही.

चिन्ह फिरवताना जपा. दोन-दोनच्या (दोन धागे वर, दोन खाली) ट्विलचा तिरका कल नव्वद अंशांत फिरवला की उजवीकडून डावीकडे जातो, म्हणजे वेगळंच कापड होतं. पाच धाग्यांचं साटीन मात्र नव्वद अंशांत फिरवलं तरी दोनचीच पायरी राखतं. आठ धाग्यांच्या साटीनला ही सवलत नाही. तीनची पायरी फिरवली की पाचची होते. आणि सहा धाग्यांचं नियमित साटीन अस्तित्वातच नाही. पायरीचा आकडा धाग्यांच्या संख्येशी १ सोडून दुसरा सामाईक भाजक नसलेला हवा, शिवाय तो १ किंवा धाग्यांहून एकने कमी असा चालत नाही, कारण मग ट्विल तयार होते. सहाच्या बाबतीत असा आकडाच उरत नाही. जाळी सुबक दिसते म्हणून ६ बाय ६ घेणाऱ्याची चूक इथे होते.

लहान आकाराचं गणित सोपं आहे. वेबसाइटच्या टॅबवरचं चिन्ह १६ पिक्सेलचं असतं. १६ ला ५ ने भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक घर ३.२ पिक्सेलचं होतं आणि कडा पुसट होतात. म्हणून त्या एका आकारासाठी १५ पिक्सेलमध्ये ३-३ची घरं काढा आणि उरलेला एक पिक्सेल रिकामा सोडा. छपाईत चिन्ह ८ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, तिथे एक घर १.६ मिलिमीटरचं होतं. वीस घरं भरलेल्या उलट रूपात शाई पसरून रिकामी पाच घरं बारीक होतात, म्हणून त्या रूपासाठी १० मिलिमीटर ही मर्यादा ठेवा.

दालनांना वेगवेगळ्या विणी देता येतात: साध्या विणीचं दालन २ बाय २ वर, ट्विलचं ४ बाय ४ वर, साटीनचं ५ बाय ५ वर. बुद्धिबळाचा पट आणि धोक्याच्या पट्ट्या तेव्हा खटकत नाहीत, कारण शेजारी साटीन असतं आणि तिन्ही एकाच कुळातल्या वाटतात. घराचा आकार तिन्हींत सारखा ठेवा, चिन्हाचा नाही.

प्रश्न: फोटोतून ड्रॉपर या संगणकातल्या साधनाने रंग उचलून रंगसंगती केली. पडद्यावर ती ठीक होती. छापल्यावर गडद निळा जांभळट आला, गुलाबी मळका झाला. दालनात लावल्यावर तोच फलक आणखी तिसराच दिसला. चूक नेमकी कुठे झाली?

उत्तर: तीन ठिकाणी, आणि तिन्ही वेगवेगळ्या सोडवाव्या लागतात.

पहिली चूक ड्रॉपरची. ड्रॉपर एक पिक्सेल उचलतो. कापडाच्या फोटोत तो पिक्सेल एका धाग्याच्या चमकत्या पाठीवर असेल किंवा दोन धाग्यांमधल्या सावलीत असेल. लाल ताणा आणि निळा बाणा असलेलं कापड डोळ्याला जांभळं दिसतं, पण त्याच्या फोटोत जांभळा पिक्सेल शोधूनही सापडणार नाही. म्हणून आधी कापडावरच्या एक सेंटिमीटर चौकोनाएवढ्या भागाची सरासरी काढा आणि मग रंग घ्या. फोटोत २४ रंगांची प्रमाणपट्टी ठेवलेली असेल आणि तिच्यावरून प्रोफाइल, म्हणजे कॅमेऱ्याच्या रंगांची दुरुस्ती, केलेलं असेल तरच या सरासरीला अर्थ आहे. रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर मिळत असेल तर उत्तम. पण ते उपकरण कापडाला टेकवावं लागतं, तेव्हा ते संवर्धनतज्ज्ञाने धरावं आणि जीर्ण रेशमावर वापरूच नये.

मोजायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. दर्शनी बाजू उडालेली असते. मुडपलेल्या काठाच्या आत, शिवणीखाली किंवा मागच्या बाजूला त्याच रंगाचं जुनं रूप मिळतं. दोन्ही मोजा आणि दोन्ही वापरा. एकाच धाग्याचा उडालेला आणि टिकलेला रंग अशी जोडी रंगसंगतीत ठेवली, तर कापडावर काळाने काय केलं ते वेगळं सांगावं लागत नाही. जुनं म्हणून सगळं तपकिरी-पिवळट करून टाकायची सवय यामुळेच सोडायला हवी. विल्यम हेन्री पर्किनने १८५६ साली जांभळा कृत्रिम रंग बनवला, त्यानंतर कापडांवर आले ते रंग आजच्या डोळ्यालाही भडक वाटतील. ती कापडं फिकी जन्मलेली नव्हती.

दुसरी चूक छपाईची. निळीचा खोल निळा आणि कृत्रिम रंगातला झगझगीत गुलाबी, दोन्ही नेहमीच्या रंगीत छपाईतल्या चार शायांच्या (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) आवाक्याबाहेर आहेत. निळा गडद करायला निळसरमध्ये किरमिजी मिसळत गेलात की तो जांभळ्याकडे झुकतो. चार शाया कितीही हलवा, यावर इलाज नाही. त्या एका रंगासाठी पाचवी, खास मिसळलेली शाई घ्या. खर्च एकाच शाईचा परवडत असेल तर ती ओळखीच्या मुख्य रंगाला द्या, बाकीचे रंग चार शायांत बसणारे निवडा. छपाईवाल्याला रंगाची लॅब मूल्यं, म्हणजे रंग सांगणारे तीन आकडे, द्या आणि डेल्टा ई २००० च्या (दोन रंगांतला फरक मोजायच्या सूत्राच्या) हिशोबाने २ पर्यंतचा फरक चालेल असं लिहून द्या. पाचच्या वर फरक गेला की शेजारी ठेवून कुणालाही दिसतो. एकच शाई चकचकीत आणि साध्या कागदावर वेगळी दिसते, म्हणून नमुना ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर मागा.

तिसरी चूक उजेडाची. छपाईचा नमुना तपासतात तो ५००० केल्विनच्या, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या, उजेडात. दालनातले दिवे बहुधा २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर, असतात. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात, कारण त्यांच्यातली रंगद्रव्यं वेगळी असतात. अंतिम मंजुरी द्यायच्या आधी प्रत्येक रंगाचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा दालनातल्या दिव्याखाली, ५० लक्सवर पाहा. डोळे त्या उजेडाला सरावायला काही मिनिटं द्या, घाईने पाहिलं तर सगळंच काळपट वाटतं.

भिंतीला आणि फलकाला शुभ्र पांढरा देऊ नका. ५० लक्समध्ये पांढरा फलक दिव्यासारखा उजळतो आणि शेजारचं कापड अंधारात गेल्यासारखं दिसतं. न रंगवलेल्या सुताचा रंग मोजून घ्या आणि तोच तुमचा पांढरा माना.

प्रश्न: कापडाच्या फोटोवर लाटांसारखे पट्टे उमटतात. काही फोटोंत कॅमेऱ्यातच येतात, काहींत फक्त छापल्यावर. फोटोग्राफर छपाईकडे बोट दाखवतो, छपाईवाला फोटोग्राफरकडे.

उत्तर: दोघेही अर्धे बरोबर आहेत. या पट्ट्यांना मोआरे म्हणतात. मुळात हे नाव लाटांची झाक असलेल्या रेशमी कापडाचं; ते कापड दुहेरी घडी घालून दाबतात आणि दोन थरांतल्या रेघा एकमेकींवर बसून लाटा उमटतात. तुमच्या फोटोतही हेच घडतं आहे. दोन बारीक जाळ्या एकमेकींवर येतात. त्यांतली एक धाग्यांची आणि दुसरी कॅमेऱ्याच्या पिक्सेलची किंवा छपाईच्या ठिपक्यांची.

कॅमेऱ्यातले पट्टे टाळायचे तर धागे मोजा. भिंगाखाली एक सेंटिमीटरमध्ये किती धागे येतात ते बघा. समजा ४० आहेत. एका धाग्याला किमान दोन पिक्सेल हवेत ही अगदी काठावरची मर्यादा झाली, चार धरा. म्हणजे सेंटिमीटरला १६० पिक्सेल, इंचाला साधारण ४००. त्याहून कमी रिझोल्यूशनवर हे कापड टिपू नका. पूर्ण कापड एका फोटोत बसत नसेल तर भागांत टिपून जोडा. तरीही पट्टे आले तर कॅमेऱ्याचं अंतर थोडं बदला. लेन्सचं छिद्र एफ ११ वरून एफ १६ वर, म्हणजे आणखी लहान, नेलं तर किंचित मऊपणा येऊन पट्टे कमी होतात, पण अख्ख्या फोटोची धार थोडी जाते, म्हणून हा शेवटचा उपाय. फोटो तपासायचा तो शंभर टक्के आकारातच. पडद्यावर लहान करून पाहिलेल्या फोटोत पडद्याचेच पट्टे दिसतात आणि चांगला फोटो उगाच बाद होतो.

छपाईतल्या पट्ट्यांचं गणित वेगळं. ऑफसेट या नेहमीच्या छपाईत ठिपक्यांची इंचाला १७५ रेषांची जाळी म्हणजे सेंटिमीटरला ६९. कापडाचे धागे मूळ आकारात सेंटिमीटरला ३५ च्या आसपास पडले की ते या जाळीच्या जवळजवळ निम्मे होतात आणि पट्ट्यांचा धोका वाढतो. दोन मार्ग आहेत. एक, ठिपके नियमित रांगेत न टाकता विखरून टाकणारी छपाई, जिला एफएम स्क्रीनिंग म्हणतात, ती मागा. जाळीच नाही म्हटल्यावर पट्टेही नाहीत. दोन, तपशील मूळ आकाराच्या किमान दुप्पट छापा. पोस्टरसाठी दुसरा मार्ग तसाही चांगला, कारण धागा दिसतो. मात्र त्यासाठी फोटो वेगळा काढावा लागतो: ६ सेंटिमीटरचा तुकडा ६० सेंटिमीटर रुंद छापायचा आणि छपाई इंचाला १५० पिक्सेलने करायची, तर मूळ तुकड्यावर इंचाला १५०० पिक्सेल हवेत. आधीचा ४०० चा फोटो ताणून हे होणार नाही.

दिव्यांबद्दल एकच गोष्ट. रंगासाठी दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारखा उजेड, आणि पोतासाठी एका बाजूने १० ते १५ अंशांतून सरपटता उजेड, असे दोन वेगळे फोटो घ्या. पोलरायझर हा फिल्टर लावला तर चकाकी जाते आणि तिच्याबरोबर धातूच्या धाग्याची ओळखही जाते.

प्रश्न: लेबलं मराठी आणि इंग्रजी अशी दोन भाषांत आहेत. मंद उजेडात मराठी मजकूर वाचवत नाही अशी तक्रार आली. शीर्षकात शिरोरेघ धाग्यासारखी लांबवली आहे, ती कल्पना ठेवावी का?

उत्तर: दोन्ही भाषांना एकच पॉइंट आकार दिला असेल तर मराठी मजकूर लहान दिसणारच. देवनागरीत तेवढ्याच उंचीत वेलांट्या, मात्रा, रफार आणि उकार बसवायचे असतात, म्हणून अक्षराच्या मुख्य भागाला जागा कमी मिळते. इंग्रजी १८ पॉइंट असेल तर मराठी २२ ते २४ करा आणि ओळींमधलं अंतर आकाराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला धडकतो. जाड-बारीक रेघांत फार फरक असलेला फॉन्ट ५० लक्समध्ये तुटक दिसतो. रेघा बऱ्यापैकी एकसारख्या जाडीच्या असलेला फॉन्ट घ्या. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५ ला १ हे प्रमाण पडद्यासाठी किमान मानतात. इथे ७ ला १ च्या खाली जाऊ नका. लेबलाचा मजकूर ६० शब्दांच्या आत ठेवा. लेबल कंबरेच्या उंचीवर तिरक्या पट्टीवर बसवता आलं तर भिंतीवरच्यापेक्षा सोपं पडतं. त्यावर अरुंद झोताचा वेगळा दिवा देता येतो, फक्त झोत कापडावर सांडत नाही ना हे लक्समीटरने मोजून घ्या. चकचकीत लॅमिनेशन अजिबात नको.

शिरोरेघेची कल्पना ठेवा, पण प्रदर्शनाच्या नावापुरती. ती फॉन्टमधून आपोआप होत नाही, हाताने काढून घ्यावी लागते. अक्षरांमध्ये अंतर वाढवायची सोय मराठीला लावू नका. शिरोरेघ जागोजागी तुटते आणि शब्द विस्कटतो. इंग्रजीसाठी केलेल्या टेम्पलेटमध्ये हे अंतर आधीच भरलेलं असतं आणि मराठी मजकूर तिथे ओतला की हा घोळ होतो.

भिंतीवर विनाइलची, म्हणजे चिकट प्लास्टिकमधून कापलेली, अक्षरं लावणार असाल तर याहून मोठा धोका आहे. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. छपाईत ते कळत नाही. विनाइल कापणारं यंत्र, प्लॉटर, मात्र प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी कापतो, आणि प्रत्येक सांध्यावर शिरोरेघेत चीर पडते. नको असलेलं विनाइल सोलताना तिथले तुकडे निघून येतात. म्हणून मजकूर बाह्यरेषेत बदला, मग सगळी अक्षरं जोडून प्रत्येक शब्दाचा एकच आकार करा, बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात सांधे तपासा, आणि त्यानंतरच फाइल पाठवा. अनुस्वाराचा ठिपका ३ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तो सोलताना हमखास निघतो. तेवढ्या लहान मजकुरासाठी कापलेली अक्षरं न वापरता छापील फलक करा.

प्रश्न: काचपेटीच्या आत रंगवलेला एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) पाट आणि त्यावर विनाइलची अक्षरं चालतील का? आणि कापडी बॅनर कोणत्या कापडावर छापावेत?

उत्तर: पेटीच्या आत दोन्ही नकोत. एमडीएफमधून फॉर्माल्डिहाइड आणि आम्लांची वाफ येत राहते, पीव्हीसी विनाइलही कालांतराने आम्ल सोडतं, आणि बंद पेटीत ते कापडाभोवतीच साचतं. विनाइल काचेच्या बाहेरून लावा. आत जे काही ठेवायचं त्याची ऑडी चाचणी करून घ्या. ही चाचणी ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली सुरू झाली. चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्यांबरोबर तो पदार्थ दमट हवेत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस बंद ठेवतात आणि पट्ट्या गंजतात किंवा काळवंडतात का ते पाहतात. वेळापत्रकात हे २८ दिवस धरलेले असतात का, हे बहुतेकदा डिझायनरलाच विचारावं लागतं. पाटावर लोकरीचं फेल्ट घालण्याचा मोह होतो. पण लोकरीतून गंधकाची संयुगं सुटतात आणि चांदीचा धागा असलेलं कापड तिच्यावर काळं पडतं. दालनाच्या भिंती रंगवल्यावर कापडं आणण्याआधी किमान दोन ते चार आठवडे हवा खेळू द्या.

बॅनरसाठी सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यात उतरवायची, छपाई फक्त पॉलिएस्टरवर धरते. सुती हवं असेल तर रिअॅक्टिव्ह (सुताशी रासायनिकरीत्या जोडली जाणारी) शाई, वाफ आणि धुणं हे टप्पे येतात आणि कापड आटतं. म्हणून आधी एक मीटर छापून, धुवून मोजा आणि मग फाइल तेवढ्या टक्क्यांनी मोठी करा. ताणा-बाण्याच्या विणकामाऐवजी निटिंगचं, म्हणजे टी-शर्टसारखं, पॉलिएस्टर लांब बॅनरला घेऊ नका, ते स्वतःच्या वजनाने खाली ताणलं जातं आणि तळाची ओळ जमिनीला टेकते.

प्रश्न: संग्रहातली नक्षी कापून, फिरवून, रंग बदलून पिशव्या आणि पाकिटांवर वापरली तर चालेल का?

उत्तर: आधी ती वापरायचा हक्क संग्रहाकडे आहे का ते दाननोंदीत पाहा. कापड मालकीचं असलं तरी नक्षीचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो, आणि काही नक्ष्या ज्या समाजाच्या आहेत त्याला त्या पिशवीवर नको असतात. विचारलं की कळतं. परवानगी असेल तर नक्षी कापा, पण कापलेल्या चित्राखाली ‘तपशील’ असं लिहा. कॅटलॉगच्या मुख्य चित्रांत मात्र कापड कधीही फिरवू नका आणि त्याचा रंग बदलू नका. शेजारी मोजपट्टी ठेवा. आठ मिलिमीटरचं फूल आणि ऐंशी सेंटिमीटरचं फूल पानावर सारखंच दिसतं.

प्रश्न: मधेच कापडं बदलणार असतील तर लेबलं आणि फलक पुन्हा पुन्हा करावे लागू नयेत म्हणून काय करता येईल?

उत्तर: भिंतीवरचा कायम मजकूर वीण, रंग, काठ अशा विषयांवर लिहा, एका कापडाचं नाव त्यात घेऊ नका. एका कापडाबद्दलचं सगळं लेबलावर जाईल. लेबलं एकाच मापाच्या कार्डांवर, सरकवून बसवता येतील अशी करा, आणि अदलाबदलीच्या सगळ्या फेऱ्यांची एकदमच छापून घ्या. नंतर छापलेल्या लेबलांचा कागद आणि रंग थोडा वेगळा येतोच. नोंद क्रमांक प्रत्येक कार्डावर एकाच कोपऱ्यात, एकाच आकारात ठेवा. विरुद्ध कोपऱ्यात बोधचिन्ह छोटंसं छापून त्यालाच काम द्या. समोर कापडाची पुढची बाजू असेल तर पाच घरं भरलेलं रूप, मागची बाजू असेल तर वीस घरं भरलेलं. काही कापडं मुद्दाम उलटी टांगा. तिथला रंग बघायला लोक थांबतात.